डोक्यातली गोणी

(वस्तीतल्या वाचनालयात तरुणांच्या बैठकीपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलणं होतं तसंच ठेवलंय.)



मला विषय दिलाय ‘रोजचा ताणतणाव आणि मनाचं आरोग्य’. फळ्यावर तसं झोकात लिहिलंयही. हा शब्द मला इस्त्री करून आणल्यासारखा वाटतो. गोदीत ‘ताणतणाव’ कुणी म्हणत नाही. गोदीत म्हणतात टेन्शन. युपीवाला असो, तेलुगू असो, रत्नागिरीचा असो, सगळ्यांचा शब्द एकच. आणि हा शब्द आपल्या लोकांनी तीन तऱ्हेने वापरलाय. टेन्शन येतं. टेन्शन देतात. टेन्शन घेतात.

आता उपदेश करणाऱ्यांची गंमत बघा. ते पहिले दोन सोडून नेमका तिसरा पकडतात. म्हणतात, टेन्शन घेऊ नको. मुकादम तेच म्हणतो, शेजारचे काका तेच म्हणतात, मोबाइलवरचे बाबा-बुवा तर दिवसभर तेच सांगत बसतात. म्हणजे देणारा राहिला बाजूला आणि घेणारा ठरला गुन्हेगार. मार खाणाऱ्यालाच विचारायचं, तू पाठ का पुढे केलीस?

मी दहावी झालेला माणूस. ठेकेदाराकडे गोदीत माल उतरवतो आणि कविता लिहितो. दोन्हीत कायम नाही. डॉक्टर नाही, मानसशास्त्राचा प्राध्यापक नाही. पण पाठीवरच्या गोणीचं वजन मला कळतं आणि डोक्यातल्या गोणीचंही. पाठीवरची पन्नास किलोची. शेडमध्ये टाकली की संपली. डोक्यातली टाकायची कुठे ते कुणी सांगत नाही. त्यावर आज बोलतो.

आधी एक थाप मोडून काढू. आपल्याकडे समज असा की टेन्शन साहेबाला. केबिन मोठी, जबाबदारी मोठी, म्हणून हार्टअटॅक पण त्यालाच. हमालाला काय, ओझं उचललं, भाकर खाल्ली, पसरला. हा समज साहेबांनी पसरवला आणि आपण मानला, कारण तेवढंच एक समाधान. पण लंडनमध्ये १९६७ साली सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. व्हाइटहॉल अभ्यास म्हणतात त्याला. जवळजवळ अठरा हजार पुरुष तपासले. झोपडपट्टीतले नव्हेत, सगळे पगारदार, एकाच सरकारचे नोकर. दहा वर्षांनी हिशेब लावला तेव्हा सगळ्यात खालच्या पायरीवरचे लोक, म्हणजे निरोपे, दरवान वगैरे, यांचं मरणाचं प्रमाण सगळ्यात वरच्या अधिकाऱ्यांच्या साधारण तिप्पट निघालं. हृदयविकाराचंही तसंच. खालचे लोक सिगारेट जास्त ओढतात, रक्तदाब जास्त, हे सगळं वजा केलं तरी फरक उरलाच. मायकेल मार्मट नावाच्या डॉक्टरने आयुष्य या कामात घातलं. १९८५ साली दुसरा अभ्यास सुरू केला, त्यात बायकाही घेतल्या, एकूण दहा हजारांवर माणसं. त्यातून जे पुढे आलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याला स्वतःच्या कामात काही ठरवता येत नाही, त्याच्या हृदयावर जास्त भार येतो.

अमेरिकेत रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ साली हीच गोष्ट दुसऱ्या अंगाने मांडली. नुसतं काम जास्त आहे म्हणून माणूस मोडत नाही. रेटा जास्त आणि स्वतःचं चालत काही नाही, ही दोन्ही एकत्र आली की मोडतो. काम जास्त असून त्यात स्वतःचं डोकं चालवता आलं तर माणूस थकतो, पण त्यातून शिकतोही. आपल्या गोदीच्या भाषेत, ओझ्याने माणूस दमतो, ‘चल उचल, विचारू नको’ याने सडतो.

हे वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. माझं टेन्शन गोणीचं नाहीच. माझं टेन्शन रात्री अकराला येणाऱ्या मेसेजचं आहे.

सांगतो. आमच्या टोळीतल्या माणसांची नावं मुकादम आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. उद्याच्या पाळीला कोण, हे तेव्हा कळतं. कधी दहाला टाकतो, कधी साडेअकराला. कधी टाकतच नाही आणि पहाटे फोन करतो, आहेस कुठे? नाव लागलं तर रोज मिळाला, नाही लागलं तर घरी बसा. मग माणूस काय करतो? उशाशी फोन ठेवतो. डोळे मिटलेले, कान फोनवर. कुणाचा तरी गुड नाइटचा गुलाब येतो आणि छाती धडधडते. आठ तास जहाजाच्या पोटात उभं राहून जेवढा जीव जात नाही, तेवढा त्या दोन तासांत जातो. जगात कुठलाही डॉक्टर या माणसाला गोळी देऊन झोपवू शकेल, पण मेसेज साडेअकराला येतो तो येतोच.

म्हणून मी म्हणतो, मनाच्या आजारावर पहिलं औषध म्हणजे उद्याची खात्री. हसू नका. याच मुंबईच्या गोदीत हे औषध एकदा मिळालेलं आहे. पूर्वी टोळीवाल्याच्या मर्जीवर रोज माणूस घ्यायचे. गेटसमोर घोळका, त्यातून बोट दाखवतील तो आत. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा झाला, त्याखाली १९५१ साली मुंबईची योजना आली. कामगारांची नोंदणी झाली, पाळीपाळीने काम वाटून मिळायला लागलं आणि जहाज नसलं तरी हजेरी लावली की हजेरीभत्ता. विचार करा, जहाज नाही तरी चूल पेटणार. ज्याने हे कलम लिहिलं त्याला मानसोपचार माहीत असेल-नसेल, पण किती हजार माणसं त्याच्यामुळे रात्री झोपली असतील. पुढे १९८९ साली न्हावाशेवा सुरू झालं, कंटेनर आले, माणसं कमी झाली, ठेका आला. आमच्या पिढीच्या वाट्याला परत तोच घोळका, फक्त आता तो मोबाइलमध्ये उभा असतो.

मग आम्ही काय केलं? क्रांती नाही केली. टोळीतल्या नऊ जणांनी मिळून मुकादमाला सांगितलं, नावं नवाच्या आत टाक. नवानंतर टाकलीस तर आम्ही उद्या उशिरा येऊ, सगळे. तो तणतणला. चार दिवस बोलला नाही. मग साडेनवाला टाकायला लागला. अर्ध्या तासाची सूट त्याने ठेवून घेतली, मालक असल्याची खूण म्हणून असेल. पण साडेनवाला कळतं. नाव नसलं तरी कळतं, आणि माणूस शिवी देऊन झोपतो. वाईट बातमी पचते, टांगून ठेवणं पचत नाही.

तुमच्यातले जे स्विगी-झोमॅटोवर आहेत, सिक्युरिटीत आहेत, कॉल सेंटरला आहेत, त्यांनी स्वतःचा साडेअकराचा मेसेज कुठला ते शोधा. प्रत्येकाचा असतो.

आता अपमानाकडे येतो. तोही टेन्शनच देतो, आणि त्याचं वजन काट्यावर येत नाही. हल्ली तोंडावर जात कुणी विचारत नाही. विचारतात, पूर्ण नाव काय? गाव कुठलं? गावात कुठल्या बाजूला? चहाचा कप हातात असतो आणि आपण अंदाज घेत असतो, हा आता पुढे काय विचारणार. प्रश्न यायच्या आधीच खांदे ताठ, जबडा आवळलेला. शरीराला कळत नाही की समोर वाघ आहे की आडनाव विचारणारा माणूस. ते दोघांसाठी तीच तयारी करतं. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, पोटातलं पचन थांबतं. वाघ निघून जातो. हा माणूस रोज दहाच्या चहाला येतो. दिवसातून चार वेळा लढाईची तयारी आणि लढाई एकदाही नाही, मग ते सगळं आत साचतं. पुढे डोकं दुखतं, पोट बिघडतं, झोप उडते, घरात पोरावर हात उठतो. डॉक्टर अ‍ॅसिडिटीची गोळी देतो.

आणि आपण गप्प बसतो. का? मर्द आहोत. रडलो तर कच्चे.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या टिपणांत बडोद्याची हकीकत लिहिलीय. मोठमोठी भाषणं पाठ असणाऱ्यांनीसुद्धा ती पानं सावकाश वाचावीत. कोलंबियात शिकून आलेला तरुण, बडोदा संस्थानचा नोकर, आणि राहायला जागा नाही. पारशांच्या धर्मशाळेत नाव लपवून वरच्या मजल्यावर राहिला. अडगळीची खोली, विजेचा दिवा नाही, एक कंदील, अंधारात वटवाघळांची फडफड. तो एकटेपणा सहन व्हावा म्हणून हा माणूस काय करायचा, तर वाचत बसायचा. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक दाराशी आले. नोकरी सोडून परतावं लागलं. हे १९१७ साल. आणि लिहिताना ते सांगतात की अठरा वर्षं झाली तरी ते दृश्य पुसलं गेलं नाही, आठवलं की डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहत नाही. मी हे वाचून थांबलो. एवढा मोठा माणूस, तोवर महाड होऊन गेलं, गोलमेज परिषद होऊन गेली, आणि तो लिहून ठेवतो की मला अजून रडू येतं. आमचा नाक्यावरचा बंड्या मात्र म्हणतो, आपल्याला काय नाय होत!

होतं. त्यालाही होतं. २०१६ साली हैदराबादला रोहित वेमुला गेला, २०१९ साली इथे मुंबईत डॉक्टर पायल तडवी गेली, तेव्हा लोक पटकन म्हणाले, मनाने कच्ची होती पोरं. कच्ची? घरातून, वस्तीतून तिथपर्यंत पोचलेली माणसं कच्ची असतात? २०२१ साली देशात १ लाख ६४ हजार ३३ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातले ४२ हजार ४ रोजंदारीवरचे मजूर. चारात एक. हे सरकारी आकडे आहेत, माझी कविता नव्हे. चाळीस हजार माणसं एकाच वर्षी ‘मनाने कच्ची’ निघत नसतात.

आता माझ्यावर एक आक्षेप येणार, आणि तो आपल्याच पोरांकडून येणार. तुम्ही म्हणाल, सगळं व्यवस्थेमुळे आहे तर व्यवस्था बदलेपर्यंत बाकीच्या गोष्टी फिजूल. झोप, श्वास, डॉक्टर हे सगळं मध्यमवर्गी लाड. मला हे अजिबात मान्य नाही. टेन्शन देणारा दुसरा असेल, शरीर आपलं आहे. मोर्च्याच्या दिवशी ज्याला चार रात्री झोप नाही तो घोषणा देतो आणि संध्याकाळी बायकोशी भांडतो. अशा माणसांच्या जिवावर संघटना किती दिवस चालते, ते आपण बघितलंय.

म्हणून थोडं घरगुती बोलतो.

झोप. रात्रपाळीवाल्यांना दिवसा झोपावं लागतं आणि दहा बाय दहाच्या खोलीत दिवसा अंधार नसतो. खिडकीला जाड चादर लावा, डोळ्यांवर फडकं बांधा, कानात कापूस घाला. पोरं हसतील, हसू द्या. शरीरात एक घड्याळ असतं, ते उजेडावर चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ साली रात्रपाळीला कर्करोगाच्या संभाव्य कारणांत धरलं, २०१९ साली परत तेच सांगितलं. तेव्हा झोप हा आळस नाही. रात्रपाळीच्या माणसाला दुपारी दार वाजवून वर्गणी मागणाऱ्या कार्यकर्त्यालाही मी हे सांगतोय. समोरच बसलाय तो.

दारू. इथे मी कीर्तन करणार नाही. एवढंच सांगतो की दारूने झोप लवकर लागते आणि मध्यरात्रीनंतर मोडते. तीन वाजता डोळे उघडतात आणि सगळ्या उधाऱ्या छतावर दिसतात. तंबाखूचंही तसंच. मळून ओठात धरली की बरं वाटतं, ते बरेचदा तंबाखूचीच तलफ भागल्याचं बरं असतं. टेन्शन आहे तिथेच बसलेलं.

श्वास. कारखान्यांत, ऑफिसांत हल्ली पोस्टर लावतात, दीर्घ श्वास घ्या, हसत राहा. पगारवाढ मागितली की दीर्घ श्वास. त्यामुळे मला या गोष्टीचा राग होता. पण श्वासाचा काय दोष! श्वास सोडताना नाडी जरा मंदावते, हे कुणीही मनगटावर बोट ठेवून बघावं. चार मोजत घ्या, सहा-सात मोजत सोडा, पाच मिनिटं. मी गेटच्या रांगेत उभा राहून करतो. मुकादमाला वाटतं हा मंत्र म्हणतोय. त्याने काही प्रश्न सुटत नाही, पण हात थरथरायचा थांबतो आणि उत्तर नीट देता येतं. ‘ताण व्यवस्थापन’ म्हणतात ना, ते एवढंच. बाकीचं व्यवस्थापन वर केबिनमध्ये बसलंय, त्याच्याशी वेगळं बोलायचं.

आणि बोलणं. हे सगळ्यात अवघड. आपल्या पोरांना दोनच तऱ्हेनं बोलता येतं, भाषण करता येतं नाहीतर टिंगल करता येते. ‘मला भीती वाटते’ हे वाक्य साधं तोंडातून निघत नाही. आमच्या टोळीत एक जण आहे, नाव नाही सांगत. पंधरा-वीस दिवस तो जेवणाचा डबा उघडायचा आणि तसाच झाकायचा. कुणाशी बोलणं नाही, क्रिकेटवर नाही, कशावर नाही. शेवटी आमच्यातला वयस्कर बाप्या त्याच्याजवळ जाऊन बसला. सल्ला नाही, काही नाही. म्हणाला, “आरं, तुझं काय चाललंय ते मला समजंना. पण मी हितं बसतो.” तीन दिवस नुसता बसला. चौथ्या दिवशी तो पोरगा बोलला. कर्ज होतं, अ‍ॅपवरून काढलेलं, वसुलीवाले बहिणीला फोन करत होते. बाप्याने मग सरळ विचारलं, “जीव द्यायचं मनात येतं का रं?” आम्हाला बाकीच्यांना धस्स झालं. असं कसं विचारतो हा? पण डॉक्टर लोक हेच सांगतात. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. विचारल्याने माणूस एकटा राहत नाही. तो पोरगा हो म्हणाला. आम्ही त्याला एकटं सोडलं नाही, दुसऱ्या दिवशी मोठ्या महापालिका इस्पितळात घेऊन गेलो.

तर इस्पितळाचंही सांगतो, कारण लोकांना वाटतं मानसोपचार म्हणजे ठाण्याचं मेंटल. तसं नाही. केईएम, नायर, सायन, तिन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे. केसपेपर काढायचा, रांगेत बसायचं, खोकल्यासारखंच. दोन आठवडे सलग मन उदास, कशात रस नाही, झोप-भूक बिघडलेली, असं असेल तर थांबू नका. उदासीनतेवरच्या गोळ्या पहिल्या दिवशी काम करत नाहीत. दोन-चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी ‘फरक नाय’ म्हणून फेकून देऊ नका आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंदही करू नका. रात्री-बेरात्री कुणी नसेल तर १४४१६. टेली-मानस म्हणतात, ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने सुरू केलंय. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. हा नंबर फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा, विषयापेक्षा मोठ्या.

कायदाही आपल्या बाजूला थोडा आहे, तो माहीत असू द्या. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. कलम १८ म्हणतं, सरकारी खर्चाने चालणाऱ्या ठिकाणी उपचार मिळणं हा हक्क आहे आणि त्यात जातीवरून भेदभाव चालणार नाही. कलम ११५ म्हणतं, जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं. त्याला शिक्षा नाही, उलट त्याची काळजी घेणं सरकारचं काम. दुसरी बाजू सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी, पण सुरुवात इथून करायची. पोलीस स्टेशनात दमदाटी झाली तर हे कलम तोंडपाठ पाहिजे. आणि कलम ३ तर आपल्या पोरांनी खिशात घेऊन फिरावं असं आहे. समाजाच्या, कामाच्या किंवा राजकीय मूल्यांशी तुमचं जुळत नाही, एवढ्यावरून कुणी तुम्हाला मनोरुग्ण ठरवू शकत नाही. म्हणजे बंडखोर असणं हा आजार नाही, हे पार्लमेंटने लिहून दिलंय.

एक राहिलं. मघापासून मी मुकादम, पाळी, टोळी असं बोलतोय. समोर बायका किती आहेत? दोन. आणि त्या दारात उभ्या. कारासेकचं गणित त्यांना लावून बघा. रेटा किती? पाण्याची वेळ महापालिका ठरवते, स्वयंपाकाची नवरा ठरवतो, माहेरी कधी जायचं ते सासू ठरवते. स्वतःचं काय ठरतं? माझी आई चार घरची भांडी करते आणि तिला ‘टेन्शन’ शब्द वापरताना मी कधी ऐकलं नाही. ती म्हणते, “जीव घाबरा होतोय.” मी विचारलं, कधी होतो? म्हणाली, “तुम्ही सगळी जेवून उठला की.” ते का, हे मला अजून नीट कळलेलं नाही. पण आता भांडी मी घासतो आणि ती अर्धा तास खाली कठड्यावर बायकांत जाऊन बसते. तिथे त्या काय बोलतात ते मला सांगत नाही. न सांगू दे.

पुढची बैठक बायकांच्या सोयीने घ्यायची. वेळ त्यांनाच विचारून ठरवा, आणि चहा आपण करायचा.

माझं नाव साडेनवाला लागलंय, उद्या पहिली पाळी. कुणाला काही विचारायचं असेल तर आत्ता विचारा. दहाला मी झोपणार.